जुन्या चित्रातलं रानफूल नागपुरात शोधायचं आणि कागदावर उतरवायचं : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

श्रावणात काटोल रोडने गोरेवाड्याकडे निघालात, की कुंपणाच्या काटेरी झुडपांतून वर डोकावणारी लाल-पिवळी फुलं दिसतात, चुलीतल्या ज्वाळांसारखी वर वळलेली. ती कळलावी. त्या रस्त्याने माझं वर्षानुवर्षं जाणं-येणं होतं. पण तिच्या पानाचं टोक लांबून तार होतं आणि शेजारच्या फांदीला वेढा घालतं, हे मला कळलं ते एका जुन्या चित्रावरून. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी ते पान इतकं नीट पाहिलं होतं की माझीच मान खाली गेली.

मी शाळेत गणित शिकवते. वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, चित्रकलेची परीक्षाही दिलेली नाही. गेले चार पावसाळे मी कंपनी सरकारच्या काळातली रानफुलांची जलरंगचित्रं शोधते, त्यातलं फूल नागपूरच्या आसपास कुठे सापडतं ते बघते आणि मग त्या फुलासमोर बसून माझं चित्र काढते. पहिली दोन वर्षं चुकण्यात गेली. तुमची तरी जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीआधी : ही चित्रं कुणाची, कुठली

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टरांकडे एक जास्तीचं काम असे. या मुलखात औषधाला, रंगाला, इमारतीला, व्यापाराला उपयोगी काय काय उगवतं त्याची नोंद ठेवायची. विल्यम रॉक्सबर्ग, रॉबर्ट वाइट, नॅथॅनिएल वॉलिक, अलेक्झांडर गिब्सन हे सगळे मुळात डॉक्टरच. झाड वाळवलं की त्याचा रंग जातो, आकार चेपतो, म्हणून ताज्या फुलाचं चित्र लागायचं. ते काढायला त्यांनी इथलेच चित्रकार ठेवले. पोथ्या आणि लघुचित्रं रंगवण्यात हात बसलेली ही माणसं. त्यांनी इंग्रजी कागदावर इंग्रजांना हवी तशी झाडं काढली, पण रेषेतली बारकाई घरूनच आणली.

रॉक्सबर्ग १७८१ पासून आंध्रातल्या सामलकोटला होता. १७९३ मध्ये तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्याने सुमारे अडीच हजार चित्रं काढून घेतली. त्यांचा एक संच कलकत्त्यात राहिला, दुसरा लंडनला गेला आणि आता तिथल्या क्यू या वनस्पती उद्यानात आहे. मद्रासकडे वाइटसाठी रंगय्या आणि गोविंदू हे दोघे चित्रं काढत. वॉलिककडे विष्णुप्रसाद आणि गोराचंद होते. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळच्या दापुरीच्या बागेत गिब्सनने दीडशेहून जास्त चित्रं करून घेतली. ती आज एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत, आणि ती काढणाऱ्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

यात नागपूर कुठे? १८५४ मध्ये खालसा होईपर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. कंपनीच्या बागा दूर, दुसऱ्या मुलखात. तेव्हा कोपऱ्यात ‘नागपूर’ असं लिहिलेला कागद शोधण्यात दिवस घालवू नका, मी घालवले. त्याऐवजी नकाशा उघडा. नाग नदीचं पाणी कन्हानला मिळतं, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला, आणि गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथून सामलकोट जवळ. साग, पळस, मोहाचं आपलं कोरडं, पानगळीचं रान आणि रॉक्सबर्गने पाहिलेलं तिकडचं रान यांत कितीतरी झाडं सामाईक आहेत. म्हणून नागपूरकराने सह्याद्रीच्या फुलांआधी कोरोमंडलची, म्हणजे आंध्र-तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्याची, चित्रं उघडावीत असं माझं ठाम मत आहे. कासच्या पठाराच्या फुलांचे फोटो पाहून आपण हळहळतो, आणि आपल्या दाराशी उगवलेलं ज्या चित्रांत आहे ती आपल्याला माहीतच नसतात.

१. पहिलं फूल निवडा, आणि ते इथलंच आहे याची खात्री करा

पहिलाच सापळा इथे आहे. रस्त्याकडेला जे जे आपोआप उगवतं ते ते देशी नसतं. घाणेरी अमेरिकेतून आली, गाजरगवत तिकडचंच, पिवळा धोत्रा मेक्सिकोचा आणि कंबरमोडीही परदेशी. यातली काही इतकी आधी आली की जुन्या चित्रसंग्रहांतही भेटतात. म्हणजे ‘कंपनीच्या काळातल्या चित्रात आहे, म्हणून देशी’ हा हिशेब चुकतो. खात्रीसाठी क्यूची ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही साइट आहे. प्रत्येक झाडाच्या पानावर नकाशा असतो. त्यात मूळ प्रदेश हिरव्या रंगात दिसतो, नंतर पोचलेले प्रदेश वेगळ्या रंगात.

नागपुरात सुरुवात करायला माझ्या मते ही फुलं चांगली:

पळस आणि धायटी, माघ-फाल्गुनात. गणेरीची पिवळीधमक फुलंही त्याच सुमारास, निष्पर्ण फांदीवर.
रास्ना, म्हणजे मोहा-आंब्याच्या फांदीवर वाढणारं आमरीचं (ऑर्किडचं) फूल, उन्हाळा सरता सरता.
कळलावी, तेरडा, केना पावसाळ्यात.
कुर्डू आणि तरोटा भादव्यापासून पुढे.

यांतली कळलावी पहिली घ्या. फूल मोठं, भाग मोजता येतात, आठवडाभर फुलत राहतं आणि तिचं शास्त्रीय नाव १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिलं तेच आजही चालतं : ग्लोरिओसा सुपर्बा. नाव न बदललेलं फूल नवख्याचे निम्मे कष्ट वाचवतं. ते कसे, ते पुढच्या पायरीत.

२. जुनं नाव शोधा

जुन्या पुस्तकात आजचं नाव शोधलं तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. पळसाचंच घ्या. आज त्याला ब्युटिया मोनोस्पर्मा म्हणतात. रॉक्सबर्गने त्याला ब्युटिया फ्रॉन्डोसा म्हटलं. पण ‘मोनोस्पर्मा’, म्हणजे एका बियेचं, हे नाव लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्याआधी दिलेलं होतं. शास्त्राचा नियम असा की आधीचं नाव टिकतं, म्हणून फ्रॉन्डोसा मागे पडलं. आता १७९५ सालच्या पुस्तकात तुम्ही मोनोस्पर्मा टाइप करून बसलात तर पळस तिथे असून दिसणार नाही.

करायचं असं. मराठी नाव गूगलमध्ये टाकून शास्त्रीय नाव काढा. ते रोमन लिपीतलं नाव जसंच्या तसं उचलून वर सांगितलेल्या साइटवर टाका. तिथे ‘सिनॉनिम्स’ या मथळ्याखाली सगळी जुनी नावं येतात. ती सगळी वहीत उतरवा, कारण चित्र त्यातल्या कुठल्याही नावाखाली असू शकतं. कळलावीसुद्धा काही जुन्या पुस्तकांत मेथोनिका या नावाने येते. हे नाव मलबारातल्या ‘मेंदोन्नी’ या बोलीतल्या नावावरून घेतलेलं.

मराठी नावावर पूर्ण भरवसा ठेवू नका. रास्ना, रानहळद, रानतुळस ही नावं गावागणिक वेगळ्या झाडांना लागतात. उलट जुन्या पुस्तकांतली तेलुगू नावं कामाला येतात. सामलकोटला रॉक्सबर्गच्या कानावर तेलुगूच पडत होती, आणि पळसाला तेलुगूत ‘मोदुगु’ म्हणतात. शेजारीपाजारी कुणी तेलुगू बोलणारं असेल तर त्यांना विचारा. आमच्या इमारतीतल्या आजींनी मला एका दुपारी सहा नावं सांगितली.

आणखी एक खुणगाठ. कुणीतरी हमखास सांगेल, कूकचं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचं पुस्तक बघा. ते उत्तमच आहे, १९०१ ते १९०८ मध्ये आलं. पण नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, मुंबई इलाख्यात नव्हतं. त्यामुळे इथलं झाड त्यात नसलं तर ‘आपलीच ओळख चुकली’ असं समजून हातातलं काम सोडू नका. भारतभराचा हूकरचा सात खंडांचा ग्रंथ, १८७२ ते १८९७, अशा वेळी जास्त उपयोगी पडतो.

३. चित्र मिळवा, आणि ते मूळ आहे की छापील ते ओळखा

घरबसल्या पाहण्यासाठी सगळ्यात मोठा खजिना म्हणजे ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. रॉक्सबर्गच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या झाडांच्या पुस्तकाचे तीन खंड, १७९५ ते १८२०, एकूण ३०० चित्रं, तिथे पानागणिक उघडतात. पळस पहिल्याच खंडात आहे. वाइटची दोन हजारांहून जास्त चित्रंही तिथे आहेत, पण ती बहुतेक काळ्या रेषेची, बिनरंगाची. रंगीत असेल या आशेने उघडाल तर हिरमोड होईल, मात्र रेषा शिकायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

पान उघडल्यावर चित्राची मोठ्यात मोठी फाइल उतरवून घ्या. सोशल मीडियावर फिरणारी छोटी चित्रं घेऊ नका. माझी पहिली कळलावी मी तशाच एका अंधुक चित्रावरून तीन आठवडे काढली. त्यात पानांची टोकं पुसट होती, म्हणून मी ती साधी, टोकदार काढून मोकळी झाले. झाड बघितलं तेव्हा कळलं की कळलावीला कळलावी करणारी खूण मी गाळली होती.

आता मूळ आणि छापील यांतला फरक. चित्रकाराने कागदावर प्रत्यक्ष रंगवलेलं ते मूळ जलरंगचित्र, ते बहुधा एकच असतं. पुस्तकातलं चित्र म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून किंवा दगडावर चित्र उतरवून छापलेलं, आणि मग प्रत्येक प्रतीवर हाताने रंग भरलेलं. हे रंग भरणाऱ्यांनी झाड कधी पाहिलेलं नसायचं. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत एकच फूल गुलाबी आणि जांभळं असं दोन रंगांत भेटू शकतं. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात ती वाचा. ‘डेल.’ ज्याच्या नावापुढे असेल त्याने चित्र काढलं, ‘स्कल्प.’ असेल त्याने पत्रा कोरला, ‘लिथ.’ असेल त्याने दगडावर उतरवलं. वाइटच्या पुस्तकात असंच एका कोपऱ्यात मला पहिल्यांदा ‘गोविंदू’ दिसलं. वाइटने याच गोविंदूच्या नावावरून एका आमरीला गोविंदूइया असं नाव दिलं होतं.

विकत घेणाऱ्यांना कळकळीने सांगते : ‘दोनशे वर्षांपूर्वीचं अस्सल चित्र’ म्हणून ऑनलाइन जे मिळतं ते आधी भिंगातून बघा. सोनाराकडे असतं तसलं दहापट भिंग पुरतं. निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके दिसले तर ती अलीकडची छपाई. मी एका विक्रेत्याकडून चौकटीसकट घेतलेलं चित्र असंच ठिपक्यांचं निघालं, आणि पैसे परत मिळाले नाहीत. ठिपके नसतील आणि रंगाच्या कडेला पाणी साचून वाळल्याची गडद किनार असेल, तर निदान रंग हाताने भरलेला आहे. पण तेव्हाही बहुधा ते एखाद्या जुन्या पुस्तकातून फाडलेलं पान असतं. अशी पानं विकत घेतली की आणखी पुस्तकं फाडली जातात. मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

स्वतःच्या अभ्यासासाठी या फाइली वापरायला अडचण नसते. पण चित्र कुठे छापायचं असेल तर त्या फाइलीजवळ वापराच्या हक्काची ओळ लिहिलेली असते ती वाचा. चित्र जुनं असलं तरी त्याचं छायाचित्र देणाऱ्या संस्थेच्या अटी असू शकतात.

४. चित्र वाचा

घाई करू नका. एका चित्राला एक पूर्ण संध्याकाळ द्या. ही चित्रं शोभेसाठी केलेली नाहीत. झाडाची माहिती सांगणारा तो दस्तऐवज आहे आणि त्याची स्वतःची भाषा आहे.

पाठीमागे काही नसतं. आकाश नाही, गवत नाही, सावली जवळजवळ नाही. झाड कोऱ्या कागदावर एकटं.

आकार बहुधा खराच असतो, म्हणून कागद मोठे असत. पान कागदात मावत नसेल तर ते दुमडून दाखवत किंवा कापून. कधी मागच्या पानाची नुसती रेषा काढून आत रंग भरत नसत, म्हणजे पुढचं फूल झाकलं जात नाही. हे अर्धवट राहिलेलं काम समजू नका.

खालच्या बाजूला सुटे भाग मांडलेले असतात : एक पाकळी, उभं चिरलेलं फूल, एक पुंकेसर, बीजकोशाचा आडवा काप, बी. प्रत्येकाजवळ आकडा, आणि आकड्यांचा अर्थ पुस्तकातल्या मजकुरात. हे भाग अनेकदा मोठे करून काढलेले असतात.

आता पळसाकडे वळू. आपण म्हणतो, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. जुन्या चित्रातलं पळसाचं पान मोजा. एका देठावर तीन पर्णिका, मधली मोठी, बाजूच्या दोन किंचित तिरप्या. म्हण खरी ठरते तेव्हा फार आनंद होतो. पण पुढे विचार करा. आपल्याकडे पळस फुलतो तेव्हा फांदीवर पानं जवळजवळ नसतात. मग फूल, हिरवं पान आणि शेंग एकाच कागदावर दिसली तर समजायचं की तो एका दिवसाचा देखावा नाही. चित्रकाराने त्या झाडाकडे वेगवेगळ्या ऋतूंत पाहून एका फांदीवर सगळं एकत्र आणलं आहे. एका कागदात झाडाचं वर्ष मावलेलं असतं. तुमच्या चित्रासाठीही तुम्हाला असंच पुन्हा पुन्हा जावं लागणार आहे.

रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाने काळवंडतो. तांब्यापासून केलेला हिरवा तपकिरी पडतो आणि कागदही खातो. काही लाल रंग उजेडाने उडून जातात. त्यावर छायाचित्र आणि तुमच्या पडद्याचा रंग, असे आणखी दोन थर. आकार चित्रातून घ्या, रंग झाडाकडून.

५. झाडासमोर बसा

हीच या सगळ्या खटाटोपातली खरी पायरी. जुन्या चित्राची नक्कल करून थांबलात तर हात वळेल, डोळा मात्र तसाच राहील.

कुठे जायचं? अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, गोरेवाड्याच्या बाहेरचे रस्ते, सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी आणि फुटाळ्याच्या बाजूचा परिसर. थोडं लांब चालत असेल तर रामटेकचा डोंगर. जिथे जाल तिथल्या वेळा आणि प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्या. अभयारण्यात, व्याघ्रप्रकल्पात पानसुद्धा तोडायचं नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. माझा अनुभव असा की शेताचे बांध सगळ्यात सोयीचे. मालकाला विचारा, कुणी नाही म्हणत नाही.

कळमेश्वरच्या बाजूला एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मी अशीच विचारून बसले होते. शेतमालकाची म्हातारी आई जवळ येऊन म्हणाली, “फूल पाहाचं तर पाय बाई, पण कांद्याले हात नको लावू. जहर असते त्याच्यात.” ती कळलावीला खड्यानाग म्हणत होती. कळलावी घरात ठेवली तर घरात कळ लागते, भांडणं होतात, असं तिने सांगितलं. दुसऱ्या एकीकडून ऐकलं की नाव बाळंतिणीच्या कळांवरून पडलं. नाव कशावरूनही पडलेलं असो, विषाचं म्हातारीने सांगितलं ते अक्षरशः खरं आहे. कळलावीच्या सगळ्या भागांत, कंदात तर भरपूर, कोल्चिसिन नावाचं विष असतं. म्हणून फूल चिरल्यावर हात साबणाने धुवा, लहान मुलांना लांब ठेवा. आणि चित्रकारांची एक सवय असते, कुंचल्याला टोक आणायला तो ओठांत धरायचा. ती सवय असेल तर आजच मोडा.

सकाळी सातच्या आत पोचा. दहानंतर ऊन चढतं, पाकळ्या मलूल होतात, रंगही फिके दिसतात. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी हवीच, गवतात साप असतात.

बसल्यावर लगेच पेन्सिल उचलू नका. आधी मोजा आणि लिहा. कळलावीला पाकळ्या सहा, पुंकेसर सहा. कळी खाली मान घालून असते, आणि उमलताना पाकळ्या उलट्या वर वळतात. कडा लाटांसारख्या. बीजकोशातून निघालेली दांडी सरळ खाली येत नाही, एकदम बाजूला काटकोनात वळते. ही दांडी मी दोनदा सरळ काढली होती, कारण मनाला फूल सममित हवं होतं. जुन्या चित्रकाराने ती वाकडीच काढली होती. तुम्हाला चित्रात काही विचित्र वाटलं की झाडाकडे बघा, दहांतल्या नऊ वेळा चित्र बरोबर निघतं.

एकाच वेलीवर वेगवेगळ्या दिवसांची फुलं असतात : नुकतं उमललेलं हिरवट-पिवळं, मग पिवळं-केशरी, आणि जुनं होत जाईल तसं लाल. यातल्या तिन्ही अवस्था चित्रात यायला हव्यात. रोज जाणं जमत नसेल तर एका भेटीत तिन्ही फुलं टिपून घ्या आणि कोणतं कोणत्या अवस्थेतलं ते लगेच लिहा. घरी आल्यावर आठवत नाही.

मोजमाप डिव्हायडरने घ्या. पाकळीची लांबी डिव्हायडरच्या दोन टोकांत पकडायची आणि तशीच कागदावर ठेवायची, आकडे लिहायचीही गरज नाही. कंपासपेटीतला चालतो. फोटो काढा, पण ते घरी आल्यावर शंका फेडण्यापुरते. मोबाइलचा कॅमेरा जवळची पाकळी फुगवतो आणि लाल रंग भडक करतो.

ओळखीबद्दल शंका राहिली तर आपल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत वाळवलेल्या नमुन्यांची कपाटं असतात, आणि तिथले प्राध्यापक असल्या प्रश्नांनी खूश होतात. फुलाचा, पानाच्या दोन्ही बाजूंचा, खोडाचा आणि आजूबाजूच्या जागेचा असे चार फोटो घेऊन जा. नुसत्या फुलाच्या फोटोवरून कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

६. सामान

फार लागत नाही. बर्डी आणि धरमपेठेतल्या चित्रकलेच्या दुकानांत जवळपास सगळं मिळतं.

कागद : गुळगुळीत पृष्ठाचा, ‘हॉट प्रेस’ म्हणून मागा, ३०० जीएसएम जाडीचा, शंभर टक्के सुती. इथे काटकसर करू नका, खरबरीत कागदावर बारीक रेष तुटते.
पेन्सिली : एचबी आणि २एच. खोडायला पिठासारखा मऊ खोडरबर.
कुंचले : गोल, टोकदार, ० आणि ४ नंबर. दोनच पुरतात.
रंग : एक थंड (लिंबाकडचा) पिवळा, एक उबदार (केशरीकडचा) पिवळा, एक केशरीकडे झुकणारा लाल, एक गुलाबीकडचा लाल, एक अल्ट्रामरीन निळा.
डिव्हायडर, भिंग, ब्लेड, पाण्याची बाटली, बसायला घडीची खुर्ची, टोपी.

रंगाच्या नळीवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा संकेत असतो, तो बघा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, तो टिकतो. पीआर ८३ लिहिलेला अलिझारिन लाल उजेडात उडतो, तो घेऊ नका.

७. रंगवा

पेन्सिलीची रेष इतकी हलकी हवी की रंगाखाली दिसू नये. लांबून गडद वाटली तर खोडरबर नुसता दाबून उचला, घासू नका.

उजेड डावीकडून वरून येतो असं धरायचं, जुन्या चित्रांत बहुधा असंच असतं, आणि उजव्या हाताने काढणाऱ्याला तेच सोयीचं. आधी सगळ्या फुलावर पातळ पिवळा. पूर्ण वाळू द्या. मग लाल, टोकाकडून देठाकडे पातळ होत जाणारा, कडा आणि बुंधा पिवळे सोडून. पुन्हा वाळू द्या. असे चार-पाच थर. एका थरात काम उरकायला गेलात तर फूल चिखलासारखं दिसतं. पानाचा हिरवा डबीतला घेऊ नका. पिवळ्यात अल्ट्रामरीन आणि कणभर लाल, म्हणजे आपल्याकडच्या पानांचा हिरवा येतो. तकाकी दाखवायला पांढरा रंग लावू नका, तिथला कागद कोरा ठेवा. जुने चित्रकार गडद, चकचकीत पानांवर डिंकाचं पाणी फिरवत. बाभळीच्या जातीतल्या झाडाचा डिंक त्यासाठी चालतो, पण पहिल्या चित्रात त्याच्या वाटेला जाऊ नका.

नागपूरच्या हवेचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात रंग कुंचल्यावरच वाळतो, कडेला रेघ उठते. म्हणून कूलर लावून बसाल, तर कूलरच्या दमट हवेने कागद फुगून लाटा येतात. मी उन्हाळ्यात पहाटे पाच ते आठ काम करते, कूलर बंद ठेवून, आणि कागद चारी बाजूंनी फळीला चिकटवून. पावसाळ्यात उलट, एक थर वाळायला तास जातो. थांबा. केस वाळवायच्या यंत्राने घाई केलीत तर कागद एका बाजूने वळतो.

८. लिहून ठेवा, आणि जपून ठेवा

चित्राच्या मागे लिहू नका, खालच्या पट्टीत पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई ओल्या हातात पसरते. शास्त्रीय नाव, मराठी नाव, ज्या गावात मिळालं तिथलं नाव, जागा, तारीख, आणि कोणत्या जुन्या चित्रासोबत ताडून पाहिलं ते. कुणी काढलं ते अवश्य. दापुरीचा चित्रकार आपल्याला माहीत नाही, कारण ही एक ओळ कुणी लिहिली नाही. तुमच्या शेजारी बसून कुणी पानं रंगवली असतील तर त्यांचंही नाव.

जपताना चित्र लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, काही वर्षांत टेपच्या जागी पिवळा डाग उरतो. दोन चित्रांमध्ये बटरपेपर ठेवा आणि पेटी भिंतीला टेकवू नका. आपल्याकडे श्रावणात बाहेरची भिंत ओल धरते आणि कागदाला बुरशी येते, शिवाय कसर लागते. दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी झाली की सगळे कागद बाहेर काढून सावलीत एक दिवस मोकळे ठेवायचे.

माझ्या तिसऱ्या कळलावीखालची पट्टी अशी आहे, तुम्हाला नमुना म्हणून : ग्लोरिओसा सुपर्बा. कळलावी. कळमेश्वरकडच्या धुऱ्यावर ‘खड्यानाग’. श्रावण, सकाळी साडेसात. फूल तीन दिवसांचं. कंद पाहिला नाही, हात लावू दिला नाही.